गाडी टायर का खाते? अलाइनमेंटला पैसे देण्याआधी टायर वाचायला शिका

"टायर एका साईडनं खायलाय, अलाइनमेंट करून टाका." गॅरेजवर येणाऱ्या गाडीमालकांची ही दोन वाक्यं मी एका दमात ऐकतो. पहिल्या वाक्यात तक्रार आहे, दुसऱ्यात त्यांनीच काढलेलं निदान आहे, आणि हे निदान पुष्कळदा चुकतं. अलाइनमेंटचं मशीन चाकांचे कोन मोजतं आणि टाय रॉड (स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) फिरवून ते जुळवता येतात, एवढंच त्याचं काम. लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा) बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटलेला असेल तर रॅम्पवर उभ्या गाडीचा कोन अगदी बरोबर येतो, कागदावर सगळे आकडे हिरवे दिसतात आणि गाडी बाहेर पडून पहिला खड्डा लागला की चाक पुन्हा हवं तिकडं पळतं. मालकाला वाटतं अलाइनमेंटवाल्यानं फसवलं. दोष मात्र त्या बुशात असतो आणि तो कुणी पाहिलेलाच नसतो.

म्हणून हा लेख उलट्या क्रमानं जातो. आधी हवा, मग टायरवरची झीज, मग हलणारे सुटे भाग, आणि सगळ्यात शेवटी मशीन. यातलं मशीन सोडून बाकी जवळजवळ सगळं तुम्ही घरासमोर, रविवारी सकाळी करू शकता.

मराठवाड्यात हे जास्त जपावं लागतं, त्याला कारण आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता एक-दोन वर्षांत लाटांसारखा वरखाली होतो. खड्डा नसला तरी सस्पेन्शनला क्षणभर उसंत मिळत नाही. दुसरं म्हणजे उसाच्या ट्रॉल्या. गळीत हंगामात लातूर, धाराशिव, बीडकडच्या एकेरी रस्त्यांवर समोरून ट्रॅक्टर आला की आपण डावी चाकं साईडपट्टीवर उतरवतो आणि पुन्हा डांबराच्या धारेवर चढवतो. दिवसातून दहा वेळा हा मार डाव्या बाजूलाच बसतो. अशा रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचा डावा पुढचा लोअर आर्म आणि डावा टाय रॉड मी आधी तपासतो. आणि तीच गाडी दुसऱ्या दिवशी जालन्याहून समृद्धीवर चढते, जिथं कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. आतल्या कडेनं तारेपर्यंत घासलेला टायर गावच्या रस्त्यावर महिनाभर निभावून नेईल; तापलेल्या काँक्रीटवर त्या वेगात तो फुटतो.

काय लागेल

हवेचं स्वतःचं गेज, टायरची खोली मोजायचं छोटं गेज (ऑटो स्पेअरच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत मिळतं), खडू, टॉर्च, जॅक, पाना, चाकामागं लावायला दोन दगड किंवा लाकडी ठोकळे आणि एक वही. वही खरंच ठेवा. झीज हळूहळू होते. सहा महिन्यांपूर्वीचा आकडा नसेल तर आजच्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही.

हवा: थंड टायरवरच

गाडीला किती हवा लागते ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. टायरच्या कडेवर हवेचा जो आकडा छापलेला असतो ती त्या टायरची कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरायची नसते. स्टिकरवर बहुतेकदा दोन ओळी असतात, कमी माणसांसाठी एक आणि भरल्या गाडीसाठी दुसरी. लगीनसराईत सात माणसं आणि रुखवताची भांडी घेऊन नांदेडला निघालेली गाडी दुसऱ्या ओळीतली असते. बियाण्याची, खताची पोती मागं टाकून शेताकडं जाणारीही तीच.

मोजायचं सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना. हवेचं तापमान साधारण पाच-सहा अंशांनी वाढलं की टायरमधली हवा एक पीएसआयनं (हवेचा दाब मोजायचं माप) वाढते. मे महिन्यात परभणीला पहाटे २७ आणि दुपारी ४२ अंश असेल, तर गाडी न हलताच अडीच-तीन पीएसआयचा फरक पडतो. गाडी पळवली तर त्यात आणखी चार-पाचची भर. मग दुपारी पंपावर गेलेला माणूस ३८ चा आकडा पाहून घाबरतो, ३२ पर्यंत हवा सोडतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच टायरमध्ये २५-२६ च उरते. "उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी" हा सल्ला आपल्याकडं वडीलधारी माणसंही देतात. तो सोडून द्या. हवा कमी असली की टायरची भिंत जास्त दबते, जास्त वाकते आणि त्या वाकण्यातूनच उष्णता तयार होते. उन्हाळ्यात टायर फुटण्यामागं हेच एक मोठं कारण आहे.

थंडीतही तीच काळजी, उलट बाजूनं. डिसेंबरात पारा दहाच्या आसपास उतरला की ऑक्टोबरात बरोबर भरलेली हवा कमी पडते. एरवीही टायरमधून महिन्याला साधारण एक पीएसआय हवा झिरपतेच. नायट्रोजन भरलात म्हणून यातून सुटका नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

चारही टायरचा आकडा वहीत लिहा. एकच टायर इतरांपेक्षा पाच-सहानं कमी असेल तर आधी त्याची गळती शोधा. व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात. खड्ड्यात वाकलेल्या रिमच्या ओठातूनही हवा हळूहळू जाते, आणि पंक्चरवाल्याला टायरमध्ये काहीच सापडत नाही.

खोली मोजा: आडवी तीन ठिकाणी, गोल तीन ठिकाणी

प्रत्येक टायरवर खडूनं तीन खुणा करा, साधारण सारख्या अंतरावर. प्रत्येक खुणेपाशी बाहेरची खाच, मधली खाच आणि आतली खाच अशी खोली मोजा. एका टायरचे नऊ आकडे होतात. कंटाळवाणं वाटेल, पण सगळं निदान या नऊ आकड्यांत आहे.

आतली कडा नजरेला दिसत नाही, आणि गाडी टायर खाते ती बहुतेकदा तिथंच. पुढच्या चाकांसाठी स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, आतला भाग बाहेर येतो. मागच्या चाकांसाठी मोबाइलचा टॉर्च चालू करून व्हिडिओ सुरू करा, मोबाइल चाकामागं धरा आणि डावीकडून उजवीकडं सावकाश फिरवा. जमिनीवर झोपायची गरज नाही.

नव्या कारच्या टायरची खोली साधारण सात-आठ मिलिमीटर असते. खाचांच्या तळाशी मधूनमधून रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात; ते कुठं आहेत हे दाखवायला टायरच्या कडेवर बाणासारखा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी खूण असते. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. कारसाठी कायद्यानं हीच शेवटची मर्यादा आहे. माझं स्वतःचं मत याहून कडक आहे: मृग लागायच्या आधी तीन मिलिमीटरच्या खाली आलेला टायर बदलावा. ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारायचं काम त्या खाचाच करतात, आणि एक कडा गोटा झालेली असेल तर मधल्या खाचेत खोली आहे या समाधानाला अर्थ नाही. टायरचं आयुष्य सगळ्यात झिजलेल्या जागेवरून मोजायचं.

गंगाखेडहून आलेल्या एका शिक्षकांच्या हॅचबॅकचा डावा पुढचा टायर वहीत असा उतरला: बाहेर ५.४, मध्ये ५.२, आत २.९. उजवा पुढचा: ५.३, ५.२, ५.०. सर म्हणाले, "अलाइनमेंट तर दिवाळीत केली होती, तरीपण खायलाय." आकडे पाहिले की दोन गोष्टी लगेच कळतात. हवेचा दोष नाही, कारण मध्य आणि बाहेरची कडा सारखी आहे. आणि दोष एकाच चाकाचा आहे, म्हणजे तिथला एखादा भाग सैल किंवा वाकलेला असणार. त्यांच्या गाडीचं पुढं सांगतो.

झीज कुठली, कारण कुठलं

दोन्ही कडा झिजल्या, मध्य शिल्लक: हवा कमी किंवा वजन जास्त. मध्य झिजला, कडा शिल्लक: हवा जास्त. ही दोन निदानं सोपी आहेत आणि चारही टायरवर कमी-जास्त प्रमाणात दिसतात. पुढच्या दोन्ही टायरच्या फक्त बाहेरच्या कडा गोलसर घासल्या असतील आणि हवा बरोबर असेल, तर चालवणाऱ्याला विचारा. कन्नडचा घाट किंवा मांजरसुंब्याचा घाट रोज वेगात वळणं घेत उतरणाऱ्या गाडीवर अशी झीज येते, तिला कुठलं मशीन बरं करत नाही.

खरा घोळ होतो तो एका कडेच्या झिजेत. तिला कारणं दोन असतात, टो आणि कॅम्बर, आणि दिसायला दोन्ही जवळजवळ सारखी. वरून पाहिलं तर दोन चाकं पुढच्या टोकाला एकमेकांकडं वळलेली आहेत की बाहेर पांगलेली, हे म्हणजे टो. समोरून पाहिलं तर चाकाचा माथा आत कलला आहे की बाहेर, हा कॅम्बर. फरक ओळखायला डोळ्यांपेक्षा तळहात उपयोगी पडतो.

टायरच्या माथ्यावर तळवा ठेवा आणि बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडं सावकाश सरकवा. मग आतून बाहेर. दोन्ही वेळा सारखंच गुळगुळीत लागलं आणि झीज एका बाजूला उतरत गेलेली असेल, तर कॅम्बरचा संशय. एका दिशेनं हात सरकतो पण उलट दिशेनं नक्षीच्या प्रत्येक गुटक्याची धार बोटांना अडते, करवतीच्या दातांवरून उलटा हात फिरवल्यासारखी, तर टो बिघडलेला आहे. धार कुठल्या दिशेनं अडते यावरून पुढचंही कळतं. बाहेरून आत जाताना अडली तर चाकं पुढून पांगलेली आहेत, आणि अशा गाडीची आतली कडा जाते. आतून बाहेर येताना अडली तर चाकं पुढून जवळ आलेली आहेत, आणि बाहेरची कडा जाते. याचं कारण समजायला सोपं आहे. चाकाचं तोंड एकीकडं आणि गाडी जाते दुसरीकडं, त्यामुळं टायर फिरता फिरता थोडा आडवाही घासला जातो. गुटक्याची जी धार त्या घासण्याला सामोरी जाते ती गोल होते, मागची तीक्ष्ण राहते.

हे आडवं घासणं किती असतं याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. दोन चाकांच्या पुढच्या आणि मागच्या अंतरात फक्त तीन मिलिमीटर जास्तीचा फरक पडला, तर साधारण ५८ सेंटिमीटर व्यासाचं प्रत्येक चाक दर किलोमीटरला अडीच मीटर आडवं ओढलं जातं. बीडहून छत्रपती संभाजीनगरला जाईपर्यंत ही ओढ तीनशे मीटरच्या वर जाते. नवा टायर दहा-बारा हजार किलोमीटरमध्ये एका कडेनं संपतो तो असा.

गोल फिरताना खोली कमी-जास्त लागत असेल, म्हणजे खडूच्या एका खुणेपाशी ५ आणि दुसरीपाशी ३.५, तर टायरवर खळगे पडताहेत. चाक रस्त्यावर सलग टेकत नाही, उड्या मारतं. बहुतेक वेळा शॉकअप (चाकाचे झोके थांबवणारी नळी) गेलेला असतो, कधी बॅलन्सिंग (चाकाभोवती वजन सारखं वाटलेलं असणं) बिघडलेलं, कधी चाक ज्यावर फिरतं ते व्हील बेअरिंग सैल. अशा टायरचा घुमणारा आवाज येतो आणि तो वेगाबरोबर वाढतो, म्हणून लोक बेअरिंग बदलून बसतात आणि आवाज तसाच राहतो. दोन्हींतला फरक असा: रस्ता बदलला, खडबडीत डांबरावरून गुळगुळीत डांबरावर आलात, आणि आवाज बदलला तर तो टायरचा. मोठ्या वळणावर गाडीचं वजन एका बाजूला गेल्यावर आवाज वाढला किंवा थांबला तर तो बेअरिंगचा.

मागच्या टायरवर गुटक्याची एक आडवी धार उंच आणि दुसरी खाली, असं थोडंफार दिसतंच. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत, म्हणजे आपल्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानमध्ये, टायरची अदलाबदल लांबवली की हे वाढतं. एकाच जागी सपाट चट्टा असेल तर कधीतरी जोराचा ब्रेक लागून चाक जाम झालं आहे. गाडी महिनाभर एका जागी उभी राहिल्यानं आलेला चपटेपणा वीस-तीस किलोमीटर चालल्यावर सहसा निघून जातो, घासलेला चट्टा जात नाही.

चालवून पाहा

सपाट, मोकळा रस्ता निवडा. स्टेअरिंगवर हात हलका ठेवा, सोडू नका. आपले रस्ते पाणी निघावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळं डावीकडं किंचित ओढ लागणं साहजिक आहे. ती ओढ रस्त्याची की गाडीची हे कळत नसेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहा (फिरायची दिशा ठरलेले टायर नसतील तर). ओढ उलट बाजूला गेली तर दोष टायरमध्येच आहे. गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग वाकडं राहतं, तर टो मागच्या वेळी नीट जुळवलेला नाही किंवा नंतर काहीतरी वाकलं आहे.

ताशी ८० ते १०० च्या दरम्यान स्टेअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग पाहायचं. पण पावसाळ्यात एक गोष्ट त्याआधी करा. शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला काळ्या मातीचे लगदे चिकटतात आणि वाळून दगडासारखे होतात. तेवढ्या वजनानं चाक थरथरतं. रिम आतून पाण्याच्या जोरानं धुवा, खरवडा, मग चालवून पाहा. माती तशीच ठेवून बॅलन्सिंग केलं तर मशीन त्या मातीच्या हिशोबानं वजनं लावतं, आणि माती गळून पडली की थरथर पुन्हा सुरू.

फिरून आल्यावर चारही रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच रिम इतरांपेक्षा बरीच तापलेली असेल तर त्या चाकाचा ब्रेक चिकटतो आहे. तोही टायर खातो आणि पेट्रोलही.

जॅक लावून हलवा

हे पायरीवार आणि सावकाश करा. गाडी कडक, सपाट जागेवर हवी. काळ्या मातीत जॅक रुततो, दुसरी जागाच नसेल तर खाली जाड फळी घाला. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोर असलेल्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा. जॅक पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावायचा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालू नका, एका मिनिटासाठीसुद्धा नाही.

चाक उचललं की वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात धरून आतबाहेर हलवा. कटकट जाणवली तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाकामधला गोल सांधा). आता कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ढिलेपणा नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन. मग नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. इथं कटकट आली तर टाय रॉड एंड किंवा स्टेअरिंगच्या रॅकचा आतला सांधा. चाक हातानं फिरवून घरघर ऐका, आणि रिमची कड डोलते का तेही पाहा.

लोअर आर्मचा बुश मात्र असा हलवून सहसा सापडत नाही. तो गॅरेजवर लिफ्टवर पाहावा लागतो. मेकॅनिक टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्मला पुढंमागं रेटतो तेव्हा बुशाचं रबर किती सरकतं ते तुम्ही स्वतः खाली उभं राहून बघा. निरोगी रबर ताणलं जातं आणि जागेवर येतं. फाटलेल्याची भेग उघडते. गंगाखेडच्या सरांच्या गाडीत हेच निघालं. डाव्या आर्मचा मागचा बुश अर्धा फाटला होता. ब्रेक दाबला की चाक मागं सरकायचं, टो बदलायचा आणि आतली कडा घासली जायची. उभ्या गाडीवर सगळे आकडे बरोबर यायचे.

शॉकअपसाठी गाडीचा एकेक कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन एकदा स्थिरावला तर ठीक. दोन-तीन झोके खाल्ले तर गेला. शॉकअपच्या नळीवर तेलाचे ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर दाबूनही पाहायची गरज नाही. शॉकअप बदलताना एका आसावरचे दोन्ही बदला.

आता अलाइनमेंट

सैल भाग बदलून झाले, हवा बरोबर भरली, गाडीतलं जास्तीचं सामान काढलं, की मगच रॅम्पवर जा. तिथं दोन गोष्टी मागून घ्या: काम सुरू होण्याआधीचा छापील कागद आणि झाल्यानंतरचा. नुसता नंतरचा कागद निरुपयोगी आहे, कारण गाडी काय दोष घेऊन आली होती हे पहिल्या कागदावरच असतं. सेन्सर लावण्याआधी गाडी थोडी पुढंमागं ढकलून सस्पेन्शन बसवलं का आणि स्टेअरिंग सरळ ठेवून त्याला लॉक लावला का, हेही बघा. घाईच्या वेळी ह्या दोन्ही गोष्टी सुटतात.

कागदावर टो लाल आणि कॅम्बर हिरवा असेल तर टाय रॉडवर काम होतं, फार विचार करू नका. कॅम्बर लाल असेल, किंवा डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल, तर थांबा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर कंपनीकडून फिरवण्याजोगा दिलेलाच नसतो. तो बदलला याचा अर्थ काहीतरी वाकलं आहे: स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा खांब), लोअर आर्म, चाक धरणारा नकल, किंवा लोअर आर्म ज्यावर बसतो ती खालची क्रॉस मेंबर जागेवरून सरकली आहे. काही ठिकाणी जॅक लावून स्ट्रट ओढून कॅम्बर "सेट" करून देतात. हे करू देऊ नका. वाकलेला पोलादी भाग पुन्हा वाकवला की तो कमजोर होतो, आणि तुमचं चाक त्याच भागावर उभं आहे. वाकलेला भाग बदलायचा.

मागच्या चाकांचे आकडेही वाचा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागं दोन्ही चाकं जोडणारी एकसंध बीम असते आणि तिचा टो फिरवता येत नाही. मागचा एकच टायर तिरका झिजत असेल आणि मागचा टो लाल असेल तर ती बीम किंवा तिचा बुश पाहावा लागतो. मागं दोष असताना पुढचं कितीही जुळवलं तरी गाडी किंचित तिरकीच चालते.

बॅलन्सिंगबद्दल एवढंच: त्यानं थरथर जाते, एका कडेची झीज जात नाही. "दोन्ही करून घ्या, फरक पडेल" हे वाक्य ऐकलं तर नक्की कशात फरक पडेल ते विचारा.

अदलाबदल, आणि नवे दोन टायर कुठं

दर आठ ते दहा हजार किलोमीटरला टायर फिरवा. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी असेल तर पुढचे टायर त्याच बाजूला सरळ मागं आणि मागचे दोन तिरके पुढं. मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत, म्हणजे बोलेरो किंवा स्कॉर्पिओसारख्या, उलट: मागचे सरळ पुढं, पुढचे तिरके मागं. टायरच्या कडेवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही, फक्त पुढंमागं. स्टेपनी बाकीच्या चारांच्याच मापाची असेल तरच तिला या फेऱ्यात घ्या. अदलाबदल हा दोषावरचा इलाज नाही, हे मात्र ध्यानात असू द्या. बुश फाटलेला ठेवून टायर फिरवले तर एकाऐवजी दोन टायर जातील.

दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागं लावा. बहुतेकांना हे उलट वाटतं, मी सांगितल्यावर वादही घालतात. पावसात पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ पुढं जाते, पाय उचलला की सावरता येते. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते, आणि तेव्हा भल्याभल्यांना काही करता येत नाही. घेताना टायरच्या कडेवर छापलेल्या उत्पादनाच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा: २३२४ असेल तर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. दुकानात दोन-तीन वर्षं पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका. आणि कडेला फुगा आलेला, तार दिसणारा किंवा खोल चिरलेला टायर खोली कितीही असली तरी बाद.

चाक परत बसवताना नट आडवेतिडवे, समोरासमोरचे घट्ट करत जा. हवेच्या गननं आवळून घेतले असतील तर घरी येऊन एकदा पान्यानं सैल होतात का पाहा. अती आवळलेला नट रात्री रस्त्यात पंक्चर झाल्यावर हलत नाही.

काम बरोबर झालं हे कसं कळणार

दुरुस्तीनंतर हजार किलोमीटरला खोलीचं गेज काही सांगणार नाही. चांगला टायर हजार किलोमीटरला मिलिमीटरच्या दीड-दोन दशांशानंच झिजतो, तेवढा फरक साध्या गेजवर धड कळत नाही. तेव्हा तळवा वापरा. जिथं धार अडत होती तिथं ती बोथट होत चालली असेल तर टो जुळला आहे. तीन हजारला गेज काढा, तेच नऊ आकडे घ्या आणि वहीतल्या जुन्या आकड्यांतून वजा करा. आत, मध्ये, बाहेर तिन्हीकडं साधारण सारखीच वजाबाकी आली पाहिजे. जुनी खोल झीज भरून येणार नाही, पण ती वाढायची थांबली पाहिजे. एका कडेची वजाबाकी अजूनही दुप्पट येत असेल तर दोन्ही छापील कागद घेऊन परत जा, आणि या वेळी अलाइनमेंट करायला सांगू नका. गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा.